मधला तुकडा

चापट बसली तेव्हा कॅमेरा चालूच होता. आवाज इतका मोठा झाला, की स्टुडिओतल्या सगळ्यांनी आधी मान वर करून दिव्यांकडे पाहिलं. एखादा बल्ब फुटला की काय म्हणून. मग पोराचं तोंड वाकडं झालं. रडू मात्र लगेच आलंच नाही. ते आत कुठेतरी अडकून राहिलं, ओठ निळसर होत गेले, आणि मग एकदम फुटलं. पोराची आई कॅमेऱ्याकडे बघून ओशाळवाणं हसली. "घरी असं नाही हो करत हा," ती म्हणाली. "घरी गपचूप खातो." तिच्या नव्या कपड्यांवर पोरानं थुंकलेला गाजर-बटाट्याचा लगदा ओघळत होता. त्या तापलेल्या दिव्यांखाली तिला सकाळपासून तोच चमचा तेच हसू ठेवून पुन्हा पुन्हा भरवायला लावलं होतं, आणि पोराचं पोट केव्हाच भरलं होतं. तिनं बोटानं लगदा निपटला, चमचा पुन्हा भरला, पुढे केला. आणि हुंदके देत देत, गालावर पाणी असताना, पोरानं मोठा आ केला. मागून मॅडमनी टाळी वाजवली. "हाच! हाच शॉट हवा होता मला. गाल तेवढे पुसून घ्या आणि पुन्हा एकदा."

मॅडमची विद्यार्थिनी हातात संहितेचे कागद धरून भिंतीला टेकून उभी होती. फिल्म तिची होती. मानवी पोषणाच्या पदव्युत्तर वर्गातलं हे तिचं शेवटचं सत्र. अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक, त्यात पोषणही होतं, शिक्षणही होतं आणि माध्यमांचं तंत्रही. नातेवाइकांना ते कधी कळलंच नाही. "म्हणजे स्वयंपाकाचा सिनेमा काढायचा का गं?" असं एका मावशीनं विचारलं होतं, आणि तिनं हसून हो म्हणून टाकलं होतं. खरं म्हणजे लहान मुलांच्या आयांसाठी एक छोटी फिल्म करायची होती: बाळाला प्रेमानं कसं भरवावं. घाई करू नये, बाळानं मान फिरवली तर थांबावं, त्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. सगळी वाक्यं तिचीच होती, जमवलेल्या संशोधनातून नीट गाळून घेतलेली. आणि आता ती तिथे उभी होती, आणि तिचा स्वतःचा जबडा दुखत होता. नुसता दुखत नव्हता, कुणीतरी दोन बोटांनी दोन्ही गालांतून आत दाबून धरल्यासारखा ठणकत होता. तिला वाटलं, रात्रभर दात खाल्ले असतील झोपेत.

संकलनाच्या खोलीत बसणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे कात्री म्हणायचे. खिडकी नसलेल्या त्या खोलीत तो दिवसभर थंडगार हवेत स्वेटर घालून बसे आणि दुसऱ्यांच्या बोलण्यातले खोकले, अडखळणं, जांभया कापत राही. दुपारी त्यानं तिला तो तुकडा पडद्यावर दाखवला. खाली आवाजाची रेघ होती. आईचं गुणगुणणं म्हणजे बारीक गवतासारखं, आणि मध्येच एक सरळ उभा खिळा. "ही चापट," कात्री म्हणाला. "बघ, रडण्यापेक्षा उंच आहे." त्यानं ती एक एक चित्र करून पुढे सरकवली. हात येतो. हात गालाला लागतो. गाल आत जातो, ओठ दुसऱ्या बाजूला जातात, पापणी मिटते. मग एक चित्र असं, की त्यात हात परत गेलेला आहे आणि गाल अजून आतच आहे. "ठेव तिथे," ती म्हणाली. कात्रीनं ठेवलं. पोराचा एक डोळा उघडा होता आणि तो हाताकडे बघत होता. आईकडे नाही, हाताकडे. मॅडम आत येऊन पाठीमागे उभ्या राहिल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं. "हे उडव आणि पुढचं जोड. परवा जमा करायचंय." ती म्हणाली, "हो मॅडम." कात्रीनं कळ दाबली. आता पोरगं मान फिरवत होतं आणि लगेच गोड आ करत होतं. मधे काहीच झालं नव्हतं. "जादू," कात्री म्हणाला, आणि त्यानं स्वेटरची बाही ओढून हात झाकून घेतले.

घरी जाताना रस्ता तिला दिसत नव्हता, पाय आपोआप वळत होते. डोळ्यांसमोर जे होतं ते स्वयंपाकघरातलं जुनं टेबल होतं. बाबा रुग्णवाहिका चालवायचे. गल्लीत त्यांना सगळे देवमाणूस म्हणत, आणि ते खोटं नव्हतं; किती जणांना त्यांनी वेळेत पोचवलं होतं, एकदा तर गाडीतच बाळंतपण झालं तर स्वतःचा शर्ट काढून त्यात मूल गुंडाळलं होतं. घरी आल्यावर ते कोपरापर्यंत हात धूत, पुन्हा साबण लावून धूत, आणि जेवायला बसत. मग घराचा श्वास बंद व्हायचा. ताटात काही उरलेलं त्यांना चालत नसे. ओरडत नसत ते कधी. "संपव," एवढंच म्हणत, अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाला "घाबरू नका" म्हणावं तसं. दादाला अंडं जात नसे. वासानंच त्याला उमासे यायचे. मग बाबा खुर्ची मागे सारत, दादाला भिंतीशी नेऊन खाली पाडत, त्याचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांखाली धरत, एका हातानं नाक दाबत आणि श्वासासाठी तोंड उघडलं की उकडलेलं अंडं आत ढकलत. अंगठ्यानं, पार आत. एकदा चमचा दातावर इतक्या जोरात आपटला की दात तुटून भातात पडला. पांढऱ्या भातात तो दिसेना, रक्त तेवढं दिसत होतं. एकदा दादाला उलटी झाली, ताटातच. बाबांनी ताट त्याच्यापुढे सरकवलं. "संपव." आणि दादानं ते संपवलं, हुंदका न काढता. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, तिच्या तोंडातून ब्र निघाला नाही. नळ चालू होता, आणि खाली धुवायला एकही भांडं नव्हतं.

आणि ती? ती भराभर जेवायची. चव न घेता, चावल्या न चावल्यासारखं करून, आणि सगळ्यांच्या आधी आपलं ताट उचलून तिरपं करून दाखवायची. "बघ," बाबा दादाला म्हणायचे, "हिच्याकडून शीक." तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि त्या हाताला साबणाचा वास असायचा. त्या हाताखाली तिला काय वाटायचं? बरं वाटायचं. हे तिला कधीच उगाळावंसं वाटलं नव्हतं, पण आज रस्त्याच्या कडेला दुकानांच्या काचांमधून आपलंच डोकं जाताना दिसत होतं आणि त्यावर तो हात होता. पहिल्या वर्षाला तिनं एक निबंध लिहिला होता: लहानपणी उपासमार सोसलेला माणूस पुढे कुटुंबाच्या जेवणावर ताबा ठेवू पाहतो. बाबा अनाथाश्रमात वाढले होते. तिथे भाकरीच्या तुकड्यासाठी पोरं एकमेकांचे हात चावत. निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मॅडमनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. किती स्वच्छ समजावून सांगितलं होतं तिनं. आधी उपासमार, मग ताबा, आणि मधे दादाचा दात कुठेच नव्हता.

दादा शिक्षण संपताच दूरच्या शहरात निघून गेला होता. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा तो एकदा आला, दारातूनच बघून परत गेला. तेव्हापासून बाबांना ती भरवायची. आई सगळं करायची. त्यांना पुसायची, कूस बदलायची, लगदा शिजवून गाळून घट्टसर करायची, पण वाटी तयार झाली की तिच्याच हातात द्यायची. आई दमत असेल, असं ती धरून चालली होती. शिवाय गिळायला त्रास असलेल्या माणसाला भरवणं हे कसबाचं काम, आणि ते तिचा विषयच होता. पाठीला उशा देऊन ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धाच चमचा, आणि गळ्यातली घाटी वर जाऊन खाली आल्याशिवाय पुढचा घास नाही. ती हे इतकं सुरेख करायची, की घरी येणारी नर्स म्हणाली होती, "तुमच्यावरच फिल्म काढा हो."

त्या संध्याकाळी बाबांनी पहिला घास घेतला. दुसऱ्याला मान फिरवली. ती थांबली. पुन्हा चमचा नेला. त्यांनी तो तोंडात घेतला, पण गिळला नाही, ओठांच्या ढिल्या कोपऱ्यातून हळूहळू बाहेर सोडला. तिनं पुसलं. "बाबा, थोडंच आहे. औषध घ्यायचंय ना?" पुढचा घास त्यांनी फुंकला. सगळा तिच्या चष्म्यावर, गालांवर, उघड्या ओठांवर. कोमट. तिनं चष्मा काढला, फडक्यानं पुसला, परत घातला. काचेवर तेलकट पट्टा राहिला, आणि त्या पट्ट्यातून तिला बाबांचे डोळे दिसले. त्यांत कसलाच पश्चात्ताप नव्हता. होता तो हट्ट होता, नाहीतर तोही नसेल, नुसतीच थकलेली बुबुळं असतील. हे तिला नंतर किती आठवूनही ठरवता आलं नाही. कारण तोवर तिचा डावा हात पुढे गेला होता. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्यावर, आणि दाढांच्या मधली ती जागा त्यांना बरोबर सापडली, जिथं दाबलं की माणसाला तोंड उघडावंच लागतं. ती जागा तिला कुठल्या पुस्तकानं शिकवली नव्हती. चमचा आत गेला. दातावर आपटला. ती घाटीकडे बघत नव्हती. दुसरा चमचा गेला, पहिला खाली उतरायच्या आत, मग तिसरा, पार आत, जिभेच्या मुळापर्यंत. आणि मग बाबांचा आवाज बंद झाला. खोकला नाही, घरघर नाही. डोळे बाहेर आले, चांगला हात पलंगाच्या कडेवर आपटू लागला, ओठ जांभळे पडले.

हे तिला येत होतं. वर्गात रबरी पुतळ्यावर शिकवलं होतं. तिनं त्यांना पुढे वाकवलं, एक हात छातीखाली घातला आणि तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दोन खांद्यांच्या मधे हाणलं. पुन्हा हाणलं. पुन्हा. लगद्याचा गोळा चादरीवर पडला आणि आत जाणाऱ्या हवेनं शीळ घातली. बाबा वाचले होते. तिचा हात थांबला नाही. पातळ बनियनखाली पाठ पोकळ वाजत होती, एखाद्या रिकाम्या पिंपासारखी, आणि त्या आवाजानं हाताला आणखी जोर येत होता. तळहात बाजूला झाला आणि मूठ आली. "गिळ!" ती म्हणत होती. "गिळ ना! संपव! आता का नाही संपवत? तुला कोण सोडणार आहे? गिळ म्हणते ना तुला!" आयुष्यात पहिल्यांदा ती बाबांना अरे-तुरे करत होती आणि ते तिला ऐकू येत होतं, दुसऱ्या खोलीतून यावं तसं. मणक्याच्या हाडावर तिची बोटं सोलली. बाबांची मान प्रत्येक ठोशासरशी पुढे कलंडत होती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्यांच्या गळ्यातून बारीक, लयीत, कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज येत होता.

"पुरे," आई म्हणाली.

ती दारात उभी होती. मोठ्यानं म्हणाली नव्हती. पण लेकीचा हात हवेतच राहिला, मग खाली आला, आणि मग तो कुणाचा आहे हेच तिला कळेना.

आईनं चादर काढली, नवी घातली. बाबांचं बनियन बदलताना पाठ उघडी झाली. लाल, काही ठिकाणी काळसर. आई त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दया होती का? जे होतं ती दया नव्हती. मग तिनं कूस बदलून त्यांना निजवलं, स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं. "जेवून घे," आई म्हणाली. आणि ती जेवली. सुजलेल्या बोटांनी, भराभर, शितही न ठेवता.

सकाळी ती वाटी घेऊन आत गेली. स्टूल ओढायच्या आतच बाबांनी तोंड उघडलं. चमचा अजून वाटीतच होता. चांगल्या बाजूचा ओठ ताणून, वाकडी बाजू लोंबत ठेवून त्यांनी मोठा आ केला होता, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. एक घास. गिळला, पुन्हा आ. सगळी वाटी संपली. एक थेंब सांडला नाही. कुठलीही शिकवण पोचली की नाही हे कशावरून ओळखायचं, हे वर्गात पहिल्याच तासाला सांगितलं होतं: शिकणाऱ्याच्या वर्तनात बदल झाला का ते बघा. तिनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, आणि वाहत्या पाण्यात हात धरून उभी राहिली. मग नळ बंद केला.

विभागात पोचल्यावर ती सरळ कात्रीच्या खोलीत गेली. "तो शेवटचा शॉट काढ," ती म्हणाली. "पोरगं आ करतं तो."

"काढ? अगं, तोच तर मॅडमचा जीव की प्राण आहे." त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. "हाताला काय झालं?"

"काढ तू."

मॅडम आल्या तेव्हा पडद्यावर नुसता काळोख होता. त्यांनी आधी कात्रीकडे पाहिलं, त्यानं बोट तिच्याकडे दाखवलं.

"मॅडम, ते पोरगं चापट खाल्ली म्हणून आ करतंय," ती म्हणाली. "आपण चापट काढलीत आणि तिचं फळ ठेवलंत. आया बघतील आणि म्हणतील, आमचं का नाही करत असं? मग त्या काय करतील?"

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या चिडल्या नाहीत, त्यामुळे तिला जास्त अवघड झालं. "आया मारतात हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? माझ्या आईनं मला लाटणं तुटेपर्यंत मारलंय. म्हणून तर ही फिल्म हवी. चांगलं दाखवायचं, म्हणजे माणसं चांगलं करतात."

"हे चांगलं नाहीये. हे घाबरलेलं आहे."

"बरं. मग शेवट काय तुझ्या फिल्मचा?"

"माहीत नाही."

"उद्या जमा करायचीय, आणि शेवट माहीत नाही." मॅडमनी कपाळ चोळलं. "हे सत्र जाईल तुझं. आणि त्या संस्थेत नोकरीसाठी मी तुझं नाव सुचवलंय, ती जागा काही तुझ्यासाठी थांबणार नाही. कळतंय?"

"कळतंय."

"मग?"

कात्रीनं उगाचच एक कळ दाबून सोडली. मॅडम उठल्या, दाराशी थांबल्या. "डॉक्टरला दाखव तो हात," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

ती घरी आली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. आई ओट्याशी लगदा घोटत होती.

"माझं सत्र गेलं, आई."

"गेलं तर गेलं. पुन्हा येईल." आईनं वाटी भरली, तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"आजपासून तू भरव."

"मी नाही."

"का पण? काल तू म्हणालीस पुरे, आणि माझा हात थांबला. एवढाच शब्द होता, आई. तेव्हा का नाही म्हणालीस? दादाचा दात पडला तेव्हा तू नळ सोडून उभी होतीस."

आईनं वाटी ओट्यावर ठेवली. "म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू पोटात होतीस. दादाचा घास राहिला होता, म्हणून म्हटलं, पुरे करा. तेव्हापासून ह्या कानानं ऐकू येत नाही."

आई उजव्या कानानं बहिरी होती. घरातले सगळे तिच्याशी डाव्या बाजूला जाऊन बोलत. लहानपणच्या तापात गेला कान, असंच सगळ्यांना ठाऊक होतं. तीही आत्ता सवयीनं आईच्या डाव्या अंगालाच उभी होती.

"मग आता कसली भीती?" ती हळूच म्हणाली. "आता ते काही करू शकत नाहीत."

"म्हणूनच नाही भरवत," आई म्हणाली. "तुझा हात मी थांबवला. माझा कोण थांबवेल?"

पातेल्यात लगद्याचा एक बुडबुडा फुटला. आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी उभी राहीन," लेक म्हणाली. "दारात."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग वाटी उचलली. दोघी आत गेल्या. आई स्टुलावर बसली, आणि बाबांनी चमच्याच्या आशेनं की धाकानं उघडलेलं तोंड, समोर कोण बसलंय हे दिसताच, मिटून घेतलं. आईनं अर्धा चमचा भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच. चमच्याची कड ओठात रुतत गेली, खालचा ओठ पांढरा पडला, आईच्या बोटांची पेरंही पांढरी पडली, आणि तिचा दुसरा हात मांडीवरून उठून हवेत आला. दारात उभ्या असलेल्या तिनं श्वास घेतला, शब्द जिभेवर आणून ठेवला.

"थांब," आई मागे न बघता म्हणाली. "अजून नको बोलूस."

भिंतीपलीकडे कुणीतरी बादली सरकवली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीवर उतरत होतं. आईचा तो वर आलेला हात हवेतच होता. तो किती वेळ तसा होता कुणास ठाऊक. मग तो परत मांडीवर गेला. आईनं चमचा ओठांवरून काढला, वाटीत सोडला, आणि वाटी खाली फरशीवर ठेवली.

"नसेल भूक," ती म्हणाली. आणि तिथेच, त्या भरल्या वाटीशेजारी, तोंडात पदर कोंबून ती रडू लागली.